‘ऑर्लँडो’मधल्या घराबद्दलही बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या ‘ऑर्लँडो’ या कादंबरीवरचा लेख वाचला, पानभर जागा दिलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू. पण लेख सगळा पुरुषाची बाई होते त्या चमत्काराभोवतीच फिरला, ऑर्लँडोच्या घराचा साधा उल्लेखही आला नाही, ते फार लागलं म्हणून लिहितेय.

चमत्कार आहेच, नाही कोण म्हणतंय. एलिझाबेथ राणीच्या काळातला हा सरदाराचा मुलगा ऑर्लँडो राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जातो, तिथे सात दिवस झोपतो आणि उठतो तो बाई होऊनच. वुल्फ म्हणते माणूस तोच, चेहरा तोच, आता रीत म्हणून ‘ती’ म्हणायचं एवढंच. इंग्रजीत ते जमून जातं, ‘आय’ म्हटलं की बाई का पुरुष कळत नाही. मी हौसेने ते पान मराठीत करायला बसले तर पहिल्याच क्रियापदाला अडले, ‘मी उठलो’ का ‘मी उठले’, आपल्याकडे तोंड उघडलं की आधी तेच ठरवावं लागतं!

पण ती इंग्लंडला परतते आणि बघते तर कोर्टात दावे लागलेले. एक दावा असा की ती मेलीय, म्हणून इस्टेट तिची नाही. दुसरा असा की ती बाई आहे, आणि त्यावर वुल्फ लिहिते की हे जवळपास मेल्यासारखंच. लोक इथे हसतात, मला नाही हसू आलं. कारण ही कादंबरी जिला अर्पण केलीय ती वुल्फची मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट, तिचं इंग्लंडात केंटमधलं नोल नावाचं प्रचंड घर, तिथेच ती जन्मली वाढली, आईबापाची एकुलती एक, आणि जानेवारी १९२८ मध्ये वडील गेले तेव्हा घर आणि सरदारकीचा किताब दोन्ही काकांकडे गेलं, ती मुलगी म्हणून. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला पुस्तक आलं, गोष्ट संपते तीही नेमकी त्याच तारखेला, आणि त्यात घर मात्र ऑर्लँडोकडेच राहतं. खटला शंभरावर वर्षं चालतो, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात निकाल लागतो, पण राहतं. मैत्रिणीचं गेलेलं घर वुल्फने असं कागदावर परत दिलं.

मी स्वतः भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही केलेली बाई आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती, फक्त विचारलंही नव्हतं. त्यामुळे ती दाव्यांची दोन पानं मी किती वेळा वाचली असतील सांगता येत नाही.

पुढे कधी या पुस्तकावर छापलंत तर एवढं जरूर येऊ द्या की वुल्फने ‘ऑर्लँडो’चं हस्तलिखित व्हिटाला भेट दिलं होतं आणि ते आता नोलमध्येच ठेवलेलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक