मुकुट नव्हे, टोपी!

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत रोमन चांदीच्या नाण्यांवर पानभर मजकूर आला, बरे वाटले. पण ब्रूटसच्या दिनारियसच्या (रोमन चांदीचे नाणे) चित्राखालची ओळ वाचून कपाळावर हात मारला. म्हणे, 'दोन तलवारी व मधोमध राजमुकुट'! राजा नको म्हणून ज्याने सीझरवर शस्त्र उपसले, तो स्वतःच्या नाण्यावर मुकुट कशाला कोरून घेईल?

ती टोपी आहे. नमद्याची, बिनकाठाची, 'पिलेउस' नावाची. गुलामाला मुक्त केले की त्याच्या डोक्यावर ती चढायची. शेजारचे खंजीर आहेत, तलवारी नव्हेत, आणि भिंगाखाली पाहिल्यास त्यांच्या मुठी सारख्या नाहीत. खाली 'ईड मार', म्हणजे 15 मार्च, सीझरवधाचा दिवस. अशाच टोप्या जुन्या दिनारियसवर कॅस्टर-पोलक्स या जुळ्या घोडेस्वारांच्या डोक्यावर असतात, पण त्यांच्यावर तारे असतात. इथे तारा नाही, त्यामुळे गल्लत व्हायचे कारण नाही. खरी गंमत पुढच्या बाजूला आहे. हयात माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणण्याचा पायंडा इ.स.पू. 44 मध्ये सीझरने पाडला आणि त्याला मारणाऱ्या ब्रूटसने दोन वर्षांच्या आत तोच गिरवला. यावर लेखात अवाक्षर नाही.

साल 'इ.स. 42' छापलेत. तेव्हा गादीवर क्लॉडियस होता. ब्रूटसला जाऊन 83 वर्षे लोटली होती. 'पू.' एवढे एकच अक्षर, पण जागा वाचली असेल!

आणि ती चौकट! 'जुनी चांदी लिंबू-मिठाने घासून चकाचक करा.' कृपा करून असले सल्ले भांड्यांपुरते ठेवा. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, दाबून घासली की तडकते. त्यातून आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा, अशी त्या काळचीच बनावट नाणी असतात. कडेच्या भेगेतून आम्ल आत शिरले की तांबे हिरवे पडते आणि पत्रा सुटतो. सैल माती काढायचीच तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे, मग न घासता मऊ कापडाने टिपावे. काळा थर राहू द्यावा. उठावाच्या खाचा त्यानेच तर डोळ्यांत भरतात.

खुलासा छापाल तेव्हा तोही चौकटीतच, तेवढ्याच ठळक टाइपात छापावा.

– नाण्यांचा एक अभ्यासक, पुणे