फ्रीज सहावर होता, तरी तुम्ही लस दिली नाहीत

सिस्टर, स. न. वि. वि.

हे समोर उभं राहून बोलता आलं असतं. पण तुम्ही "बरं बरं, दंड सैल सोडा" म्हणून विषय संपवला असता, म्हणून असं चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दोन खोल्यांचा दवाखाना आणि बाहेर चपलांचा ढीग. ओळखणारे ओळखतील.

गोष्ट मे महिन्यातली. आदल्या रात्री वळीव झोडपून गेला, लाइट गेली ती पहाटे आली. माझं आईस्क्रीमचं दुकान. रात्रभर उठून उठून डीप फ्रीजरवरची गोधडी नीट करत होतो. सकाळी तसाच लेकीला घेऊन तुमच्याकडे आलो. चौदाव्या आठवड्याचा डोस होता. ताप येणार म्हणून बायकोनं रजा टाकलेली. आमचा नंबर आला. फ्रीज उघडायच्या आधी तुम्ही वरचा छोटा थर्मामीटर बघितलात, त्याचं बटण दाबलंत, परत एकदा दाबलंत आणि म्हणालात, "आज नाही देता येणार."

मी भांडलो. आवाजही चढवला, मागच्या बाकावरच्या चार आया साक्षीला आहेत.

"अहो, सहा दाखवतोय की! दोन ते आठ अंश चालतं असं तुम्हीच मागच्या वेळी सांगितलंत."

"आत्ता सहा आहे. रात्री चौदावर जाऊन आलाय."

मग तुम्ही तेच बटण मला दाबायला लावलंत. तो थर्मामीटर आत्ताचा आकडा दाखवतोच, शिवाय मधल्या वेळात पारा सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली कुठवर गेला तेही धरून ठेवतो. 14.2. तो आकडा तुम्ही वहीत लाल पेनानं लिहिलात. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायची ती वही मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. पानंच्या पानं निळ्या शाईतली, आणि त्या दिवशीची एकच ओळ लाल.

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, लस खराब झालीच असेल असं कुठंय? त्यावर तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. "नसेलही झाली. पण झाली असली तर तुम्हाला दिसणार काय? लसीचा रंग तोच, वास तोच. पोरीला लस मिळाली असं समजून तुम्ही निवांत घरी जाल. मला नाही जमणार ते."

सिस्टर, खोटं कशाला बोलू, लाइट जाऊन आल्यावर मऊ पडलेली कुल्फी परत कडक करून मी विकलेली आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "आज बर्फ लागतोय हो." मी म्हणतो, "फ्रीज जोरात आहे." त्यामुळे तुमचं म्हणणं मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त लागलं. पहाटे लाइट आली, नऊपर्यंत फ्रीज सहावर आला. तुम्ही ते बटण दाबलं नसतंत तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्यात माझा शहाणपणा बघा. तुम्ही बाटल्या बाजूला काढत होतात तेव्हा मी म्हटलं, माझ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा, उणे अठरा आहे, काही बिघडत नाही! तुम्ही कपाळाला हात लावलात. ही लस गोठली की उन्हात ठेवण्यापेक्षाही वाईट, हे मला तिथं कळलं. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), कावीळ ब, धनुर्वाताची लस, या एकदा गोठल्या की संपल्या, नंतर वितळवून उपयोग नाही. गोठून वितळलेली बाटली हलवली तर आत पिसं तरंगावीत तसे कण दिसतात आणि भरभर तळाशी बसतात. म्हणून बाटल्या बर्फाच्या कप्प्याला टेकवायच्या नाहीत आणि दारातही ठेवायच्या नाहीत. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, म्हणजे लाइट गेली तरी गारवा जरा टिकतो. डॉक्टर मॅडमचा ताकाचा तांब्यासुद्धा तुम्ही त्या फ्रीजमधून हद्दपार केलाय असं ऐकलं. खरं असेल तर मॅडमचंही कौतुक, त्यांनी ऐकलं!

तुम्ही बाटल्या फेकून दिल्या नाहीत. खोक्यात घालून वर "वापरू नये" असा कागद चिकटवलात, मॅडमनी कंपनीला फोन लावला. पुढं त्यातल्या बऱ्याच टाकाव्या लागल्या, तो भुर्दंड दवाखान्यानं सोसला. आणि आम्हा पाचही जणांना तुम्ही परत पाठवलंत ते वाऱ्यावर सोडून नाही. ग्रामीण रुग्णालयात फोन करून आज लसीकरण आहे का ते विचारलंत, कार्डावर चिठ्ठी लावलीत. तिथं लस फुकट मिळते हे आम्हाला धड माहीतही नव्हतं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्या दारात नेऊन सोडणारा माणूस बाजारपेठेत मी तरी बघितलेला नाही.

तिथल्या सिस्टरनी बाटली हातात घेतली तेव्हा मी मान लांब करून लेबल बघितलं. गोल, आणि त्यात फिकट चौकोन. तुम्ही सांगितलं होतंत, पूर्वी आरोग्य केंद्रात होतात तेव्हाचं: चौकोन गोलापेक्षा फिकट असला तर लस द्यायची, चौकोन गोलाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की नाही द्यायची. उष्णता किती लागली ते तो सांगतो, पण गोठली का ते त्याला कळत नाही. मी चौकोनाकडे असा टक लावून बघत होतो की त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खात्यातले का?"

तेव्हापासून तुमच्या बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्यात. इतकी वर्षं येतोय, पण लक्ष नव्हतं. सुई टोचून झाली की टोपण परत लावायला जात नाही तुम्ही. तिथंच सुई कापायच्या कटरमध्ये कट् करून आवाज येतो, आणि मग माझ्या दंडावर कापूस. लाल पिशवी, पिवळी पिशवी, काचेची निळी खोकी, सुयांचा पांढरा डबा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमात हे सगळं लिहिलेलं आहे, पण नियम भिंतीवर लावायलाही असतात. आमच्या चौकातली घंटागाडीवरची बाई उघड्या हातानं कचरा निवडते. मागं तिच्या बोटात सुई घुसली होती, कुठल्या दवाखान्यातली ते कुणालाच कळलं नाही. तुमच्या पिशव्या त्या गाडीत कधीच जात नाहीत, त्यांची गाडी वेगळी येते, हे मी आता दुकानातून बघत असतो.

तो लाल झाकणाचा ट्रेही. कुणाला इंजेक्शनची रिॲक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रिनॅलिन त्यात असतं. दर एक तारखेला तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एकेका अँप्यूलची, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीची, तारीख वाचता. मी विचारलं, कधी लागलं का? "नाही," म्हणालात, आणि पुढची अँप्यूल उचललीत. लस दिल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवता त्याचा मला फार राग यायचा. आता येत नाही. बाक मात्र टोचतो, तेवढी एक गादी टाका.

आईचं काय सांगू. तीस वर्षांची ओळख, तरी प्रत्येक वेळी तुम्ही तिला विचारता, "पूर्ण नाव? वय?" ती चिडते. "अगं, विसरलीस का मला? तुझ्या लग्नात जेवलेय मी." पण आपल्या गावात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या बायका किती! मागच्या पावसाळ्यात त्या दोघी एकाच सकाळी बाकावर शेजारी बसल्या होत्या. माझी आई, आणि तिच्या नावाची वरच्या आळीतली. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू, दुसरीला गुडघ्यासाठी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलेलं. तुम्ही नाव विचारलंत, दोघी एकदम "ओ" म्हणाल्या. मग नवऱ्याचं नाव, मग वय, मग पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून. आई घरी येऊन म्हणाली, "पोलीस चौकशीसुद्धा एवढी नसते." ते इंजेक्शन चुकून तिला गेलं असतं तर काय झालं असतं, ते मॅडमनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

माझ्या फ्रीजरवरही आता तसाच थर्मामीटर आहे. वही घातली नाही, पण सकाळी बटण दाबतो. मागच्या आठवड्यात लाइट सात तास नव्हती. दोन खोकी कुल्फी ओतून दिली, बायको अजून बोलत नाहीये.

गुरुवारी आईला बीपी बघायला घेऊन येतोय. गोळ्यांची पिशवी आठवणीनं आणतो. पूर्ण नाव ती या वेळी तुम्ही विचारायच्या आधीच सांगणार आहे म्हणे, नवऱ्याच्या नावासकट.

तुमचा,
चौकातला आईस्क्रीमवाला