कोकणचा कागद करून देणाऱ्या काकूंना

अमळनेर

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही चहा ठेवता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आमच्या कोकण सहलीसाठी तुम्ही आखून दिलेल्या कागदाबद्दल हे पत्र. ते कॉलनीतल्या सगळ्यांनी वाचावं अशीच माझी इच्छा आहे.

कोकणात जाऊन आलेली माणसं ठिकाणांची नावं भरभरून सांगतात. अलिबाग, जंजिरा, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, सगळी आमच्या यादीत होती. तुम्ही यादी हातात घेतलीत आणि पहिला प्रश्न विचारलात तो सासूबाईंच्या गुडघ्यांचा. दुसरा, धाकटीला घाटात गाडी लागते का. मग निम्म्याहून जास्त नावांवर काट मारलीत. ताम्हिणी घाटाने उतरा, दिवेआगरला सुरुवात करा, गुहागरला संपवा, चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून परत या. मालवण पुढच्या खेपेला. रोज एकच मुक्काम हलवायचा, दुपारी गाडी बंद. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकरांना घेऊन निघालेल्या घराला याहून मोलाचा सल्ला कोणी दिला नसता.

मग तुम्ही कालनिर्णय मागितलंत. आमच्याकडे तिथी बघतात ती उपासासाठी, नाहीतर लग्नाच्या मुहूर्तासाठी. तुम्ही तिच्यावरून समुद्राची वेळ काढायला शिकवलंत. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, दुपारी सव्वादोनला, ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज मागे सरकते. हा अंदाज आहे, तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हेही तुम्ही दोनदा बजावलंत. मोठ्या मुलाने पूर्ण पंधरवड्याचा तक्ता करून गाडीत चिकटवला होता.

हरिहरेश्वरला आम्ही नेमके एकादशीला होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. सासूबाई देवळातच बसल्या, आम्ही दोनच्या पुढे प्रदक्षिणेला निघालो. गणेशगल्लीच्या पायऱ्या उतरून खाली आलो तर समोर मोकळा कातळ, आणि त्याला सगळीकडे जाळी पडलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. खारं पाणी आणि वारा खडकाला असा कोरतो, हे मुलांना हात लावून दाखवता आलं. खाचांतल्या पाण्यात इवलेसे खेकडे होते, धाकटी तिथून हलेना. भरतीला हीच वाट पाण्याखाली जाते, इथून माणसं ओढली गेली आहेत. तुमचा हिशेब नसता तर मी मुलांना खाली नेलंच नसतं.

बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि सावित्री नदीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. आमच्या बोरी नदीच्या पात्रात वर्षातले बरेच महिने वाळूच दिसते; पलीकडच्या काठाला जायला बोट लागते एवढी रुंद खाडी पाहून सासूबाई कठड्याला धरून म्हणाल्या, “कितलं पानी शे वं माय!” आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, हे तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं. वरून त्यांना बसल्या जागी सुवर्णदुर्ग दिसला. केळशी, हर्णै छानच, पण त्याबद्दल भेटीत बोलू.

पालगडबद्दल मात्र इथेच लिहायला हवं. आमच्या यादीत ते नावच नव्हतं. किनाऱ्यापासून आत आहे, पर्यटनाच्या यादीत येत नाही. तुम्ही त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या : ‘अमळनेरच्या माणसाने दापोलीत जाऊन पालगडला न जाणं बरं दिसत नाही.’ साने गुरुजी 1899 साली तिथे जन्मले आणि 1924 ते 1930 आपल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. मुलं ज्या शाळेवरून रोज जातात, त्या शाळेतले गुरुजी या लाल मातीतल्या, माडा-पोफळीच्या गावातून आपल्या काळ्या रानात आले, हे त्यांच्या घरापाशी उभं राहिल्यावर मुलांना उमगलं. मोठा म्हणाला, “एवढ्या लांबून आपल्याकडे?” मला तेव्हा तुमची आठवण आली, काकू. तुम्हीही लग्न होऊन तिथूनच इथे आलात आणि आम्ही कधी विचारलं नाही की तुम्हाला इथला उन्हाळा कसा सोसला.

दाभोळहून धोपाव्याची फेरी, मग गुहागर. पौर्णिमेला हेदवी. हरिहरेश्वरला ओहोटी हवी होती, इथे उलट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, शिवाय पौर्णिमेचं उधाण. दशभुजा गणेशाचं दर्शन घेऊन आम्ही अकराच्या आधी बामणघळीपाशी लांब उभे होतो. कातळातल्या त्या अरुंद चिरेत लाट शिरते, आतून घुमल्यासारखा आवाज होतो आणि पाणी सरळ वर उसळतं. खारे तुषार चष्म्यावर. आम्ही तासभर बघत होतो.

जेवणाचंही तुमचं बरोबर निघालं. घरगुती खाणावळीतलं ताट गोडसर. डब्यातला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी शेवटच्या दिवसापर्यंत पुरवली. उकडीचे मोदक मात्र सासूबाईंनी परत मागून घेतले. तुपासकट.

वाळूत गाडी घालायची नाही, लाटेकडे पाठ करायची नाही, मुलं गुडघाभर पाण्यापलीकडे नाहीत. तुमचे हे तीन नियम आम्ही मोडले नाहीत. रात्री मला शांत झोप लागायची ती त्यामुळे.

कॉलनीतल्या दोघी-तिघींनी तुमचा कागद मागितला आहे. तुमची परवानगी असेल तर प्रती काढून देते. आणि त्यांच्या घरच्या माणसांप्रमाणे नावं कमी-जास्त तुम्हीच करून द्या. रविवारी काकांना घेऊन भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खायला या. तुमच्यासाठी मिरची कमी घालते. येताना मालवणच्या कागदासाठी पेन घेऊन या, सासूबाई आत्ताच विचारताहेत.

तुमची शेजारीण