नाव तेच, पण माणूस तोच कशावरून?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि आधी पोटभर हसलो. मी पूर्वज शोधायच्या या नादाला लागलो तेव्हा ‘मेलेल्यांचा हिशेबनीस’ म्हणून मला चिडवणारा तूच ना? ये लेका, आता आमच्या कळपात.

तुला नेटवर आयती वंशावळ सापडली आणि सातव्या पिढीला ती एका सरदार घराण्याला जाऊन भिडली, याचा तुला झालेला आनंद कळतो. पण ती इतक्यात फ्रेम करून भिंतीवर लावू नकोस. पाठवलेल्या तक्त्याला मी आधी आकडे घातले. पद्धत जुनी आहे. आयट्झिंगर नावाच्या ऑस्ट्रियन इतिहासकाराने ती १५९० साली छापली, पुढे सोसा आणि स्ट्राडोनिट्झ या वंशावळ अभ्यासकांच्या नावाने रूढ झाली. तू स्वतः १. कुणाच्याही आकड्याची दुप्पट केली की त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. म्हणजे वडील २, आई ३, आजोबा ४, आजी ५. सरळ बापाकडून वर गेलं की २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि तुझे सरदारसाहेब १२८.

१६ नंबरपर्यंत, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांपर्यंत, सगळं ठीक दिसतंय. घोळ त्याच्या वर आहे. त्या तक्त्यातल्याच तारखा बघ. १६ नंबरचा जन्म झाला तेव्हा त्याचा बाप ३२ नंबर अकरा वर्षांचा आहे! ज्याने कुणी हे जोडलं, त्याला नाव जुळलेलं दिसलं आणि तो मोकळा झाला. मग इतरांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. आता चार ठिकाणी तेच दिसतं, म्हणून ते खरं वाटतं. पण साक्षीदार चार नाहीत, एकच आहे, आणि त्याने ही माहिती कुठून घेतली ते कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्याकडेही एकाच गावात, एकाच काळात, एकाच नावाचे दोघं निघाले. दोघा भावांनी आपापल्या मुलाला आजोबांचं नाव दिलं की चुलतभाऊ एकाच नावाने वावरणार, त्यात नवल नाही. नाव, बापाच्या बापाचं नाव, आडनाव, गाव सगळं सारखं, आणि बऱ्याच कागदांत बापाचं नाव घातलेलंच नाही. मी त्यांना वेगळं केलं ते दस्ताच्या तळाशी. एकजण सही करायचा, ओळ सोडून खाली घसरत जाणारी, शेवटचं अक्षर कायम अपुरं. दुसरा अंगठा उठवायचा. सही करणाऱ्याच्या प्रत्येक दस्तावर साक्षीला तोच एक माणूस, जो पुढे त्याचा मेव्हणा निघाला. अंगठेवाल्याचे साक्षीदार वेगळे. मग चतुःसीमा ताडून पाहिल्या, म्हणजे पूर्वेला कुणाची जमीन, पश्चिमेला कुणाची. दोघांचे शेजारी निराळे. शेवटी एका दस्तात अंगठेवाल्याच्या विधवेचं नाव आलं आणि ते आमच्या खापरपणजीचं नव्हतं. तिथे तो प्रश्न मिटला.

म्हणून सांगतो, वर चढायची घाई नको, आडवा जा. भावंडं, मेव्हणे, साक्षीदार, बांधाला लागून असलेले लोक. आपला माणूस कोण हे त्याच्या नावापेक्षा त्याच्या आजूबाजूची माणसंच जास्त खात्रीने सांगतात.

कागदसुद्धा खोटं बोलतो, बरं का, पण त्याची एक रीत असते. इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत पंधराच्या वरच्या माणसांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायच्या सूचना होत्या. ३९ वर्षांची बाई कागदावर ३५ची. तिथलंच आणखी एक. १७५२च्या आधी त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे लग्न एप्रिल १७४०चं आणि मूल फेब्रुवारी १७४०चं दिसलं, तरी भुवया उंचावायचं कारण नाही. तो फेब्रुवारी लग्नानंतरचाच, दहा महिन्यांनी आलेला. हे ठाऊक नसलेल्या संशोधकांनी किती बायकांची उगाच बदनामी केली असेल, देव जाणे.

आणि कागदच नसेल तर? डब्लिनचं अभिलेखागार १९२२ साली जळालं, त्यात आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे ढीग गेले. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेचंही १९२१च्या आगीत तेच झालं. तरी लोक शोधतातच. आयर्लंडमध्ये जमिनीच्या करआकारणीसाठी केलेल्या याद्या कामी येतात. सरकार माणसं मोजायला विसरेल, कर घ्यायला नाही.

वहिनी डीएनए चाचणीचं म्हणत होत्या ना? करा, पण फार आशा धरू नका. ३२ नंबर कोण हे ती चाचणी नाव घेऊन सांगत नाही. जवळचं नातं ती अचूक पकडते, सख्ख्या चुलतभावंडांत सरासरी साडेबारा टक्के सारखेपणा निघतो. पुढे तो झपाट्याने विरत जातो आणि ज्यांचे खापरखापरपणजोबा एक, अशा दूरच्या भावंडांपैकी जवळपास निम्म्यांत तो सापडतही नाही. वरून नात्यातल्या नात्यात लग्नं झालेली असली की आकडे फुगतात. आणखी एक, करायच्या आधी घरातल्यांना विचार. नको ते बाहेर येऊ शकतं, आणि ते निस्तरायला मेलेले येणार नाहीत.

आता खरी तक्रार. तुझ्या तक्त्यात तुझा १ सोडला तर सगळे विषम आकडे, म्हणजे सगळ्या बायका, रिकामे आहेत. सातव्या पिढीला १२८ जागा असतात, तू त्यातल्या एकीच्या मागे धावतोयस. ३ नंबरचं माहेर, ५ नंबरचं नाव, ७ नंबरचं तर काहीच नाही! हे कुठल्या दप्तरात शोधायची गरज नाही. तुझी आत्या आहे, मावशी आहे. जुने फोटो घेऊन जाऊन बस. प्रश्नांची यादी काढू नकोस, नुसतं ‘ही कोण?’ विचार आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेव. त्या चुकीचं सांगतील तेही तसंच लिही, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. ताडून नंतर बघू.

आणि तो १६ नंबरचा दस्त तुझ्याकडे आहे म्हणालास, त्याचे फोटो पाठव. दोन्ही बाजूंचे. शिक्के आणि शेरे बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतात आणि लोक नेमकी तीच बाजू सोडतात. सही आहे की अंगठा, ते मला आधी बघायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
हिशेबनीस