गोलाचं मिनिट छापता, दुखापतीचंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहू स्टेडियमवरच्या एका फुटबॉल सामन्याची बातमी परवा आपल्या क्रीडा पानावर वाचली. गोल कोणी केले, कोणाच्या पासवर केले, कितव्या मिनिटाला केले, सगळं व्यवस्थित होतं. शेवटी एकच ओळ : 'दोन खेळाडूंना दुखापतीमुळे मैदान सोडावे लागले.' त्या ओळीबद्दल लिहितोय.

मी कोल्हापूरचाच. तालमीच्या संघातून खेळायला लागलो आणि एकविसाव्या वर्षी मुंबईतल्या एका क्लबाशी करार झाला. जागा राईट बॅकची, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूची. त्या जागेवरच्याचं नाव पेपरात सहसा येत नाही. माझं एकदा आलं, तेही स्वयंगोलामुळं. सात हंगाम काढले, त्यातला एक अख्खा गुडघ्यात गेला. सरावात कुणी धक्कासुद्धा लावला नव्हता. वळलो आणि आतून टक् असा आवाज आला. पोरं ज्याला 'लिगामेंट गेलं' म्हणतात, ते; म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा तुटला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने परत पळायला शिकण्यात गेले. सुरुवातीला तर टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची, एवढंच काम. कुठला स्नायू कशासाठी असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढं क्लबच बंद झाला. त्याचं नवल वाटायचे दिवस नव्हते. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पहिलीच राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. तिथं आमची काय कथा! तिशीला टेकलेल्या, गुडघा शिवलेल्या बॅकला कोण विचारतो? गावी आलो. एका जिममध्ये पोट कमी करायला येणाऱ्या मंडळींना ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यातून साठलेल्या पैशांत फिटनेस ट्रेनरचा कोर्स केला. उत्तर आयर्लंडचा कॉनल मर्टा वेल्समधल्या क्लबांत मिडफिल्डर म्हणून खेळता खेळता शिकत राहिला, डॉक्टरेट मिळवली आणि लिव्हरपूलचा फिटनेस कोच झाला. मी पुस्तक उघडलं ते बूट माळ्यावर टाकल्यावर.

आता एका तालमीच्या संघाचा फिटनेस बघतो. पहिल्या वर्षी काय पाहिलं सांगू? दुपारचा सामना, एप्रिलचं ऊन. पोरं मोटरसायकलीवरून उतरतात, बूट चढवतात, गोलकीपरवर चार शॉट मारतात की झाला वॉर्मअप. सत्तराव्या मिनिटाला विंगर मांडीला मागून हात लावून खाली बसतो. बाहेरून कुणीतरी ओरडतं, "स्प्रे मार की लेका!" स्प्रे मारला की गार वाटतं. फाटलेला स्नायू फाटलेलाच राहतो, आणि पोरगं त्याच पायावर पुन्हा पळतं.

फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. महागडं काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर तो हंगामभर करून बघितला, तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. त्यातलाच एक व्यायाम : गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जमेल तेवढं सावकाश पुढं झुकायचं. मांडीची मागची बाजू नुसती बोंबलते. आमच्या पोरांनी त्याचं नाव 'सावकाश पडणं' ठेवलंय.

एक जुने खेळाडू मला म्हणाले, "आमच्या वेळी कुठं होती ही थेरं?" काका, तुमच्या वेळी पहाटे तालमीत जोर-बैठका व्हायच्या, मगच मैदानाचं नाव. बैठकांनी जे पायात भरलं जायचं, ते आता कुठून येणार? हल्लीची पोरं जिमला जातात ती दंडासाठी. तालमीचं नाव जर्सीवर राहिलं, बैठका गेल्या. आणि बाहेरचा खेळाडू हंगामापुरता आणायचा म्हटलं की वर्गणी उभी राहते. ट्रेनरच्या मानधनाचा विषय निघाला की सगळ्यांना चहा आठवतो.

संघनोंदणीवेळी प्रशिक्षित फिटनेस ट्रेनर सक्तीचा करावा, असं संघटनेला सांगून झालंय. बघू. आपल्याकडं मागणं त्याहून सोपं आहे. गोलाबरोबर दुखापतही छापा : कितव्या मिनिटाला, कुठल्या अवयवाला, धक्क्यानं की नुसतं पळताना. मी आमच्या संघापुरती वही ठेवतो. बहुतेक नोंदी उत्तरार्धातल्या आहेत, मांडीच्या मागच्या आणि कुणी हात न लावता झालेल्या. बाकीच्या संघांची अशी वही कुणाकडंच नाही. आपला वार्ताहर तर प्रत्येक सामन्याला हजर असतो.

आपला,
एक माजी राईट बॅक, कोल्हापूर
(पेठ लिहीत नाही, नाहीतर पत्र बाजूला राहील आणि पेठेवरच वाद रंगेल.)