टोपल्यांचं तूच तिला सांग

आई, बाबा,

काल फोनवर मी नीट बोललोच नाही, बाजूला ही होती. म्हणून लिहितोय, बाबा तुम्ही आईला वाचून दाखवा.

बाळाच्या दोन्ही किडन्या नाहीत. खराब आहेत असं नाही, तयारच झाल्या नाहीत. रत्नागिरीत पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या पोटात बाळाभोवती पाणीच नाहीये, मग कोल्हापूरला पाठवलं, आंबा घाटात पाऊस एवढा की समोरची गाडी दिसेना आणि ही सगळा रस्ता पोटावर हात ठेवून गप्प. तिथेही तेच निघालं. आई तू विचारलंस ना, तिसऱ्या महिन्यात सगळं चांगलं होतं मग आता कुठून आलं, मी पण तेच विचारलं. तर सुरुवातीला ते पाणी आईकडून येतं, साधारण १६ आठवड्यांनंतर ते मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, किडन्याच नाहीत तर पाणी होणार कुठून, आणि पाण्याशिवाय बाळाची फुफ्फुसं वाढत नाहीत. पोटात आहे तोवर सगळं नाळेतून चालतं, म्हणून ठोके एवढे छान ऐकू येतात. बाहेर आलं की श्वास घेता येणार नाही.

२१वा आठवडा चालू आहे. २०२१ पासून कायद्याने अशा कारणासाठी २४ आठवड्यांपर्यंत गर्भ काढता येतो, दोन डॉक्टरांचं मत लागतं, ते मिळालंय. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सोमवारी ॲडमिट.

आई, तू म्हणालीस मे महिन्यात हिने रतांब्याच्या टोपल्या उचलल्या, तू नको म्हणत होतीस. फोन स्पीकरवर होता, ते हिने ऐकलं. रात्री दोन वाजता उठून मला विचारते, खरंच त्यानेच झालं का रे? नाही गं आई, वजन उचलल्याने किडन्या बनायच्या थांबत नाहीत, मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. हे कधीकधी घराण्यात असतं म्हणून त्यांनी आमच्या दोघांचीही सोनोग्राफी केली. हिच्या दोन्ही किडन्या आहेत. माझी डावी नाहीये. जन्मापासूनच नसणार, ३४ वर्षं कुणाला पत्ता नाही, त्रासही कधी झाला नाही. त्याच्यामुळेच बाळाला असं झालं हे डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, जेनेटिक तपासणीला रक्त दिलंय. पण घराण्यातलं असलंच तर ते माझ्याकडून गेलेलं असायची शक्यता जास्त. त्यात तुमचाही काही दोष नाही, फक्त तुम्ही दोघांनी कणकवलीला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या, ताईला मी सांगतो.

चतुर्थीला यंदा आम्ही येत नाही. बाबा, देवळात गाऱ्हाणं घालणार असाल तर ही सुखरूप घरी येऊ दे एवढंच घाला.

आई, तू रविवारीच ये. उकडे तांदूळ आण, हिला पेजेशिवाय काही जात नाहीये. आणि टोपल्यांचं तुझ्या तोंडून निघालंय तर तूच तिला सांग की तसं काही नसतं, माझ्या सांगण्याने तिला झोप लागत नाही. सकाळची गाडी मिळाली की फोन कर, मी स्टँडवर येतो.