शून्य निकाल म्हणजे संशोधन झालेच नाही असे नव्हे

महोदय,

पीएच.डी.च्या आराखड्यांत ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य सर्रास दिसते. पुष्कळदा त्याचा आधार एवढाच असतो, की डेटाबेसमध्ये विषयाचे अख्खे शीर्षक टाकले आणि काहीच आले नाही.

‘मराठवाड्यातील तुरीवरील मर रोगाचा अभ्यास’ या शीर्षकातले कामाचे शब्द तीनच: तूर, मर, मराठवाडा. इंग्रजी लेखांत तुरीला पिजनपी (जोडून आणि तोडूनही), रेड ग्राम, अरहर किंवा कजानस कजान म्हणतात. ही सगळी नावे एका कंसात ‘ऑर’ने जोडावीत. दुसऱ्या कंसात ‘विल्ट’ (मर) आणि ‘फ्युजेरियम’ (मर रोगाची बुरशी) ‘ऑर’ने जोडून घ्यावेत आणि दोन्ही कंसांमध्ये ‘अँड’ टाकावा. पबमेड या वैद्यक व जीवशास्त्रविषयक लेखांच्या डेटाबेसमध्ये हे जोडशब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच लिहावे लागतात. नुसत्या ‘पिजन’पुढे तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) दिले तर कबुतरेही येतील. मराठवाडा हा शब्द निकाल फार आले तरच वाढवावा. तोही जुन्या जिल्हानावांसह, कारण २०२३ पूर्वीच्या लेखांत औरंगाबादच सापडेल. आधीच्या शोधाला लावलेली वर्षांची चाळणी पबमेडमध्ये पुढच्या शोधालाही लागू राहते, ती आठवणीने काढावी.

मराठीतून शोधताना अडचण आणखी खोल आहे. ‘शेतकरी’ टाकल्यावर ‘शेतकऱ्यांच्या’ सापडेलच असे नाही, कारण विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते आणि यंत्र अक्षरे जुळवते. त्यात ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो: कुणी खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतो, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत, २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देत आणि आजही पुष्कळजण तसेच लिहितात. म्हणून दोन्ही रूपे टाकून पाहावीत, शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचे पर्यायही.

भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर तेवढ्यानेही भागत नाही. प्रबंध नुसता स्कॅन केलेला असेल किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर आतला मजकूर शोधात येतच नाही. शीर्षक कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत नोंदलेले असते. अशा वेळी शोधचौकट सोडून विद्यापीठ आणि मग विभाग निवडावा व प्रबंधांची यादी डोळ्यांखालून घालावी. वेळखाऊ आहे, पण मराठी विषयांसाठी याहून खात्रीचा मार्ग नाही.

आमची मागणी एवढीच, की आराखडा मंजूर करणाऱ्या समित्यांनी त्यासोबत एक पान शोधनोंद सक्तीने मागावी: डेटाबेसचे नाव, तारीख, टंकलेली शब्दरचना जशीच्या तशी, लावलेल्या चाळण्या आणि निकालांची संख्या. ती नोंद नसेल, तर ‘संशोधन झालेले नाही’ हे वाक्य आराखड्यातून काढायला लावावे.

– काही महाविद्यालयीन ग्रंथपाल